देगलूरच्या अलीकडे गेलेला क्लच

मुलीसाठी स्थळ बघायला आम्ही तिघं नांदेडहून देगलूरला निघालो होतो. आमच्या जुन्या एसयूव्हीचा क्लच घसरत होता, पण मेकॅनिक म्हणाला होता, महिनाभर तरी निघेल. देगलूर जवळ आलं आणि जळका वास सुटला. इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी हलेना. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्याच भेटीला असं व्हावं!"

उशीर होईल म्हणून मी मुलाच्या वडिलांना फोन केला. थोड्या वेळाने ते स्वतःच जीप आणि दोर घेऊन आले. इस्त्रीच्या कपड्यांतच गाडीखाली वाकून त्यांनी दोर बांधला.

"क्लच प्लेट गेली वाटतं. आमची बी मागल्या साली गेली होती, लई खर्च आला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

त्यांच्या जीपमागून आमची गाडी हळूहळू निघाली. मागच्या सीटवरून मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, मुलगा अजून बघायचाय, पण हे मला आवडले."

गॅरेजवाल्याने प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बदलायला लावलं. गाडी तिथेच ठेवून आम्ही मुलाच्या घरी जेवलो आणि एसटीने परतलो. मुलगाही वडिलांसारखाच निघाला. लग्न उन्हाळ्यात झालं.