कोऱ्या फॉर्मवरचा शेरा

हे नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. इतकी वर्षं तोंड शिवून बसले – आज तुम्हाला सांगते.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी नवघरच्या एका मराठी शाळेत कार्यानुभव शिकवायची. आमच्या हेडसरांनी भाईंदरच्या छोट्या कारखान्यांच्या गाळेवाल्यांना गाठून एक सोय लावली होती. दहावीची मुलं आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्याकडे काम शिकायला जायची, आणि ज्याचा शेरा चांगला त्याला गाळेवाला जूनपासून ठेवून घ्यायचा. शेरा मराठीतच हवा, हा हेडसरांचा हट्ट. गाळेवाले बहुतेक गुजराती – मोडकंतोडकं मराठी-हिंदी बोलतील, पण मराठी लिहिणार कुठून? मग ते कोऱ्या फॉर्मवर सही करून द्यायचे, तोंडी सांगायचे आणि शेरा मी लिहायची. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

आता दळवींबद्दल. आमच्याच बिल्डिंगचे सेक्रेटरी. तेव्हा नळाला पाणी नसायचं, टँकर यायचा, घरटी चार हंडे. माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिच्या चादरी दिवसातून तीनदा धुवाव्या लागायच्या. एकदा मी पाचवा हंडा भरला. दळवींनी तो सगळ्यांदेखत माझ्या हातातून ओढला आणि गटारात ओतला. दुसऱ्या कुणाला दिलाही नाही – ओतला. वर म्हणाले, "शाळेत पोरांना हेच शिकवता काय, बाई?" लोक हसले. आज सांगतानाही माझे दात आवळले जातात. विसरायला हवं होतं का? मला विसरायचंच नव्हतं.

आणि त्यांची मनीषा माझ्याच वर्गात होती. साचे बनवणाऱ्या एका गाळ्यात ती ड्रॉइंग ट्रेस करायला जायची. मान खाली घालून तासन्‌तास बसायची, रेघ कुठे हलायची नाही. काम लागलं तर इथे राहून पुढे शिकायचं, नाहीतर गावी मामाकडे जायचं, मग लग्न – हे दळवींनी घरात ठरवून टाकलं होतं. तिनेच मला सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं, हे लक्षात असू द्या.

मार्चमध्ये तिच्या गाळ्याच्या शेठनी कोऱ्या फॉर्मवर सही केली. "टीचर, लडकी का हाथ एकदम साफ है. जून में भेज दो, टेबल उसका." मी हसून मान डोलावली. स्टाफरूममध्ये येऊन बसले, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं – कामात लक्ष नाही, हाताला वळण नाही, ठेवून घेता येणार नाही. अक्षर बिघडलं असेल असं वाटतं ना तुम्हाला? नाही. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

शेरा वाचून दळवी शाळेत आले. हात जोडून म्हणाले, "बाई, एकदा शब्द टाकून बघा." मी त्यांना बराच वेळ उभं ठेवलं. मग बघते म्हणाले. मला बरं वाटलं – किती बरं वाटलं, काय सांगू.

आठवड्याने त्यांना सांगितलं, शब्द टाकला पण शेठ ऐकत नाहीत. तरी सुधारायची एक संधी होती. जूनच्या सुरुवातीला शेठ रस्त्यात भेटले. लडकी का आली नाही, टेबल रिकामं ठेवलंय, म्हणाले. मनीषा तेव्हा आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर, ट्रंक भरत होती. मी म्हटलं, "वो तो गाँव चली गई." शेठनी त्या टेबलावर दुसरी मुलगी घेतली.

चार दिवसांनी बापलेक निरोप घ्यायला घरी आले. मनीषाने वाकून नमस्कार केला. दळवी म्हणाले, "तुम्ही शब्द टाकलात, तेच पुष्कळ. त्या पाण्याचं मनात ठेवू नका." मी दोघांना चहा दिला. दळवींचा कप रिकामा होईपर्यंत त्यांच्या पडलेल्या तोंडाकडे बघत राहिले, आणि माझं मन अगदी भरलं. मुलीकडे मी एकदाही बघितलं नाही.