नावाजलेलं कॉलेज आणि माझा केटीचा क्लास

केटीचा क्लास चालवणाऱ्याकडे किस्से लवकर साठतात. इतर क्लासातली मुलं वर्षभराने निघून जातात, माझी परत परत येतात. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत मी इंजिनिअरिंगचं गणित शिकवतो, तेही फक्त ज्यांचा हा विषय राहिलाय, म्हणजे केटी लागलीय, त्यांना. त्यातली बरीचशी ठाण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजातली. तिथे पेपर फार कडक तपासतात. कल्याणच्या एका साध्या कॉलेजातली मुलं माझ्याकडे क्वचितच येतात. ती वेळेत पास होऊन नोकरीला लागलेली असतात.

*

एक वडील चौकशीला आले. म्हणाले, "त्या ठाण्याच्या कॉलेजातली किती मुलं आहेत तुमच्याकडे?"

"अर्धी बॅच."

गृहस्थ एकदम खूश. तिथूनच घरी फोन लावला, "अगं, क्लास चांगला आहे. सगळी हुशार मुलं इथेच येतात."

मी फीचं पावतीपुस्तक काढलं. शेवटी धंदा आहे.

*

आमच्या बिल्डिंगमधल्या राणेकाकांनी मुलाची ॲडमिशन झाली त्याच आठवड्यात दारावर नवी पाटी लावली. मुलाच्या नावापुढे 'बी. ई.' कोरूनच आणलं होतं. "चार वर्षांनी परत कोण कारागीर शोधत बसणार?" असं त्यांचं म्हणणं.

चार वर्षं झाली, पाचवं लागलं, पोरगा माझ्या क्लासात. दिवाळीला राणेकाकूंनी तोरण जरा सैल बांधलं. झालर बरोब्बर त्या दोन अक्षरांवर. होळी झाली, गणपती झाले, तोरण हललं नाही. निकाल लागला त्या दिवशी काकांनी स्वतः स्टुलावर चढून ते सोडलं.

शेजारीण म्हणाली, "बरं केलंत काका, धूळ फार बसलेली."

*

क्लासातला आमचा नीलेश इंटरव्ह्यूला जाडजूड फाइल घेऊन गेला. समोरचे साहेब कौतुकाने म्हणाले, "एवढी सर्टिफिकेटं?"

"नाही सर, एकाच विषयाच्या मार्कशीट आहेत."

साहेब हसले आणि त्याला घेतलं. त्यांचं कॉलेजही तेच होतं, ठाण्याचं.

*

श्रुतिका माझी विद्यार्थिनी नव्हती. बारावी झाल्यावर ती वडिलांबरोबर सल्ला विचारायला आली. तिचे वडील, सावंत, एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर. रिटायरमेंटला बरोबर चार वर्षं उरलेली. मार्क असे, की ठाणं आणि कल्याण दोन्ही मिळण्यासारखं.

सावंत म्हणाले, "नाव सांगितलं की लोकांनी ओळखलं पाहिजे, असं कॉलेज हवं."

श्रुतिका म्हणाली, "आणि केटी लागून वर्ष गेलं तर? बाबा रिटायर व्हायच्या आत माझं झालं पाहिजे."

मी म्हणालो, "दोघांचंही बरोबर आहे." या उत्तराची मला अजून लाज वाटते.

चार दिवसांनी सावंत एकटेच आले. "सर, साहेबांकडून शब्द घेतलाय. रिटायर झाल्यावर अजून एक वर्ष ठेवून घेतील. नवीन पोरांना प्लांट शिकवायचा, असा मी पण शब्द दिलाय. आता तिला पाच वर्षं लागली तरी बिघडत नाही. फक्त तिला सांगू नका, उगाच टेन्शन घेईल."

माणूस असा खुशीत होता, की मलाच बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी ॲडमिशनची यादी लागली आणि श्रुतिकाचा फोन आला. "सर, कल्याण लागलं. पसंतीक्रमात मी पहिलं तेच टाकलेलं. बाबांना सांगितलंय, ठाणं मिळालंच नाही. तुम्ही पण तेच सांगा हं, नाहीतर त्यांना वाईट वाटेल."

दोघांना दिलेला शब्द मी चार वर्षं पाळला.

गेल्या महिन्यात ती पेढे घेऊन आली. एकही केटी नाही, नोकरीचं पत्र हातात. मला फार आनंद झाला. मी पेढा तोंडात टाकला, तरी ती खुर्चीतून उठेना.

"सर, माझं वेळेत झालं ना?"

"झालं की."

"मग बाबा रिटायर होऊनही अजून फर्स्ट शिफ्टला का जातात?"