नवा मासा सोडताना

दुकानदार म्हणाला होता, “ताई, नवा मासा सोडण्याआधी टाकीतले दगड हलवा. जुन्या माशांच्या हद्दी मोडल्या की ते नव्याला त्रास देत नाहीत.”

तसे दगड हलवताना मला एकदम भीती वाटली. पुढच्या महिन्यात माझ्या लेकीचं, मुक्ताचं लग्न आहे. तिच्या होणाऱ्या सासूबाई परवाच कौतुकाने सांगत होत्या, “मी आले तेव्हापासून आमच्याकडे मिठाच्या बरणीचीसुद्धा जागा बदललेली नाही.” नव्या माणसासाठी घरातलं काही हलवावं, हे कोणाला सुचतं?

मासा टाकीत सोडला. मुक्ता काचेला नाक लावून बघत होती.

“याला मारलं तर गं?”

“खाईनासा झाला, कोपरा धरून बसला, की लगेच काढून आणायचा. रुळेल म्हणून थांबायचं नाही.”

“आणायचा कुठून? आई, आपल्याच घरात आहे तो.”

मी तिचा हात घट्ट धरला.