आडवं दार

दारं बनवणाऱ्याच्या दुकानात किस्से मागावे लागत नाहीत, गिऱ्हाईक घेऊनच येतं. दार मागायला आलेला माणूस घरातलं सगळं ओकून जातो. भाऊ कसा वागतो, सून कशी आहे, शेजारी कुठून डोकावतो! मग दुपारच्या चहाला आम्ही ते पुन्हा एकमेकांना सांगतो.

आम्ही म्हणजे तिघं. नांदेडच्या त्या पत्र्याच्या वर्कशॉपचा मी मालक, म्हणजे शिव्या खायचा हक्क माझा. रशीदभाई कडी-कुलपांचे कारागीर, बाप-आज्यापासून हाच धंदा. आणि गुंडप्पा वेल्डर, भूकंपानंतर लातूरकडून आलेला. ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. मला आता येत नाही.

* * *

लातूरला क्लासेसचं पेव फुटलं आणि दिसेल त्या घराचं होस्टेल झालं. दारांच्या ऑर्डरी नुसत्या कोसळत होत्या. वाटलं, आपले दिवस पालटले!

महिन्याभरात एका होस्टेलवाल्याचा फोन. "अहो सुभाषराव, तुमची कडी आतून लावली तरी बाहेरून उघडते! बाथरूमची पण! मुलींचं होस्टेल आहे माझं!"

मी गुंडप्पाला धरलं. तो थंडपणे म्हणाला, "हाव. आरपार दांडी टाकलीय. आतून बी निघती, बाहेरून बी. पोरगी आत पडली तर काढनार कोन?"

मी हा निरोप पोचवला. होस्टेलवाला ओरडला, "आधी पडू तर द्या!"

सगळी दारं ट्रकमध्ये घालून परत आली. त्यातली दोन अजून माझ्या गोठ्याला आहेत.

* * *

गुंडप्पाला कामावरून काढायचं मी ठरवलं होतं. रशीदभाईंनी मला चहाच्या टपरीवर नेलं आणि सांगितलं.

भूकंपाच्या रात्री गुंडप्पा शेतात झोपला होता, बैलांपाशी. धावत घरी आला तर दार जागेवर उभं. आतून कडी लावलेली, वर तुळई बसलेली. बायको आतून म्हणत होती, "कडी निघंना वो." तो बाहेरून म्हणत होता, "वढ, वढ." बाहेरून त्याच्या हाताला धरायला काहीच नव्हतं. पहार घेऊन माणसं येईपर्यंत आतला आवाज थांबला होता.

"आता काढा त्याला," रशीदभाई म्हणाले आणि चहाचे पैसे देऊन निघून गेले.

* * *

दारांचं नाव असं बदनाम झालेलं, आणि बिलोलीकडच्या एका गावाच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आले. गोदावरीच्या पलीकडची पोरं होडीतून अलीकडे ट्यूशनला येत. होडी कुजलेली. पावसाळ्याआधी पत्र्याची नवी नाव हवी होती. नावेच्या दोन्ही टोकांना हवेच्या बंद पेट्या, म्हणजे नाव पाण्यानं भरली तरी त्या हवेवर तरंगेल. पेटीला वरून झाकण, कधी आत पाणी झिरपलंच तर काढायला.

मी म्हणालो, "चेअरमनसाहेब, आम्ही जन्मात नाव केली नाही."

"दारं करता ना? मग झालं! झाकन म्हंजी काय, आडवं पडलेलं दार!"

दुसरं काम नव्हतं, म्हणून हो म्हणालो. इथंच माझं डोकं फिरलं होतं.

* * *

नाव बरी झाली. पहिली झाकणं रशीदभाईंनी केली. बिजागरी, कडी, कोयंडा, वर पितळी कुलूप! कोयंड्यासाठी पेटीला भोकं.

नांदेडच्याच घाटावर नाव सोडली आणि तरंगते का बघायला आत बादल्यांनी पाणी ओतलं. पेट्यांत भोकांतून पाणी शिरलं. नाव सावकाश, मोठ्या अदबीनं खाली गेली. आम्ही काठावर उभे.

रशीदभाईंनी खिशातली किल्ली चाचपली. "डुबली, पन चोरीला नै जानार, सुभाषराव!"

काठावर धुणं धुणाऱ्या बायका हसून हसून दमल्या. मला रडू येत होतं, खरंच सांगतो.

* * *

दुसरी झाकणं गुंडप्पानं केली. ट्यूबच्या रबराचं वॉशर, कडेनं नटबोल्ट, एकदम फर्स्ट क्लास. आणि मधोमध आरपार दांडी! दांडीच्या भोकातून पाणी आलं आणि नाव पुन्हा बुडाली.

मी तिथंच आवाज चढवला. "अरे, ती हवेची पेटी आहे! आतून उघडायला आत आहे कोण? माणूस मावतो का त्यात?"

गुंडप्पा चिखलात बसून म्हणाला, "लेकरू मावतंय."

रशीदभाईंनी झाकणाखालच्या पेटीच्या तोंडावर मोजायची टेप धरली आणि गुंडाळून परत खिशात घातली. खेळता खेळता एखादं पोर आत उतरलं, वरून कोणी झाकण आवळलं, तर? हा विचार आमच्या कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता. आकाश भरून येत होतं आणि चेअरमनचे फोनवर फोन.

"पेटीचं तोंडच लहान करू," रशीदभाई म्हणाले. "हात जाईल, डोकं नै जानार. मग दांडी कशाला?"

दुसऱ्या दिवशी आलो तर गुंडप्पा दांड्या काढून पेट्यांची तोंडं पत्रा लावून लहान करत होता.

* * *

नाव आम्ही टेम्पोतून बिलोलीकडे नेली. आता एक थेंब आत येत नव्हता. नदीला नवं पाणी आलेलं. पोरं-पोरी दप्तरं पोटाशी धरून काठावर रांगेत उभी.

शेवटचं झाकण गुंडप्पा तिथंच बसवत होता. वॉशर ठेवलं, झाकण ठेवलं, बोल्ट घातले. पाना हातात घेतला आणि थांबला. मग बोटांनी झाकणावर टकटक केलं, वाकला आणि पत्र्याला कान लावला.

आधी पोरं हसली. मग हसायची थांबली. रशीदभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, का ते त्यांनाच माहीत.

चेअरमन घड्याळ बघत म्हणाले, "गुंडप्पा, अरे क्लासला उशीर होऊन राहिला. काय ऐकून राहिला तू?"

गुंडप्पानं कान न काढता हात वर केला.

"थांबा वो जरा. लई हळू हाक मारती ती."