केळीला बाप नसतो

माझ्या आत्याला जगातला एकही प्रश्न केळीच्या बागेबाहेर सोडवावा लागलेला नाही. लग्न जुळवायचं असो, सून नांदवायची असो की मत कुणाला द्यायचं ते ठरवायचं असो, बुऱ्हाणपूरजवळच्या तिच्या बागेत उत्तर तयार असतं. धूलकोटचं एक चांगलं स्थळ तिने "घड जड, पण खोड पोकळ" म्हणून परत पाठवलं. त्याआधी तिने त्या मुलाची पाठ खरोखरच थोपटून पाहिली होती.

दुसरी सवय म्हणजे माझ्यातलं जे काही बरं, ते सगळं तिचं. नाक तिचं, आवाज तिचा. मी बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली पदवीधर, तेव्हा तिने रिक्षावाल्याला थांबवून सांगितलं, "हिचं डोकं माझ्यावर गेलं." यात थोडं तथ्य होतंच. मला कॉलेजात घालावं म्हणून ती आमच्या अंगणात उपोषणाला बसली होती. मावा जलेबीचा वास आल्यावर तिने ते सोडलं, पण तोवर बाबांनी होकार दिला होता. तो उपकार मी विसरणार नाही.

मग तिच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आत्या पुन्हा बागेत उभी राहिली. पण आजीही याच कॅन्सरने गेली होती, म्हणून इंदूरच्या डॉक्टरबाईंनी आत्याचं रक्त तपासलं आणि सांगितलं, हा जनुकातला दोष आहे, वंशात उतरतो, जवळच्या नातेवाइकांनी तपासून घ्यावं.

"म्हणजे हरण्या!" आत्या म्हणाली. हरण्या हा केळीचा रोग. रोगट झाडाचा कंद लावला की नव्या झाडातही तो येतो. आत्याला सगळं तिथल्या तिथे समजलं, आणि ती बागेची पाहणी करावी तशी नात्यात फिरू लागली. दोन्ही मुलींना, मावसबहिणींना हाकत जांचेला नेलं. मुली निर्दोष निघाल्या, तेव्हा गल्लीभर जलेबी वाटली.

आमच्या घराकडे मात्र ती फिरकली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुला कशाला? तू तुझ्या आईच्या बेटातली. पिलं आईच्या बुडातून फुटतात. केळीला बाप नसतो."

"आत्या, माणसाचं तसं नसतं. अर्धं बापाकडूनही येतं."

"मीच कॉलेजात धाडली, आता मलाच शिकवून राहिली!"

"मग माझं नाक तुझं कसं?"

"नाक अलग!" असं म्हणून ती घरात गेली आणि आतून कडी लावली.

शेवटी मीच तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, हा दोष भावातही असू शकतो. तो स्वतः कधी आजारी पडणारही नाही, पण त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

आत्याने त्यांना निरखून पाहिलं. "तुमच्या घरी केळी आहे?"

"नाही."

"तरीच."

पण परतल्यावर ती थेट आमच्याकडे आली. "बापू, उठ. रक्त द्यायचं."

बाबा दचकले. "जीजी, ही बायकांची बीमारी. लोक हसतील मला."

"चूप! पोरीला नाक दिलं ना तू? मग हेबी दिलं असशील."

बाबा बायकांच्या रांगेत तोंडावर टॉवेल घेऊन बसले. आत्या शेजारणीला सांगत होती, "माझा भाऊ आहे. लाजतो जरा."

बाबांत दोष निघाला. मग माझ्यातही निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोष म्हणजे आजार नव्हे. दरवर्षी तपासत राहू, काही उगवलंच तर लवकर सापडेल. परतीच्या बसमध्ये असीरगढचा किल्ला मागे पडला. आत्या म्हणाली, "सगळं माझं, माझं म्हणत फिरले ना ग. या एका गोष्टीत तू माझी नसावी, असं वाटत होतं."

मी तिचा हात धरला.

आता दर वर्षी मी तपासणीला जाते, तेव्हा ती बरोबर येते. केळीच्या फण्या आणते, रांगेतल्या बायकांना वाटते, त्यांच्या सुनांचे प्रश्न बागेतून सोडवून देते. मागच्या वेळी नर्सने विचारलं, "तुम्ही हिच्या आई का?"

"आत्या," ती ताठ बसून म्हणाली. "नाक बघा की!"

सगळा दवाखाना हसला. पण मी आत गेले, दार लागलं, की तिचं फण्या वाटणं थांबतं, असं नर्सने मला नंतर सांगितलं. हातातलं केळं अर्धं सोललेलं राहतं, आणि नजर दारावरून हलत नाही.