नेपच्यून आप्पांच्या रानात

मला राग लवकर येतो आणि कल्पना त्याहून लवकर सुचतात. या दोन्ही गोष्टी शिक्षिकेला बऱ्या नव्हेत, असं आमच्या हेडमास्तरांचं मत आहे. ते स्वतः एकच कल्पना तीन वर्षं पुरवून वापरतात.

शाळा उमरग्याच्या अलीकडे, महामार्ग सोडून थोडं आत. गेल्या हिवाळ्यात सातवीला सूर्यमाला शिकवत होते. तक्त्यावर सगळे ग्रह खांद्याला खांदा लावून उभे, लग्नातल्या फोटोला उभे राहिल्यासारखे. पृथ्वीपासून नेपच्यून किती लांब, असं विचारलं तर एक पोरगा तक्त्यापाशी गेला, बोटं लावून मोजलं आणि म्हणाला, "बाई, चार बोटं." मोजून सांगितलं होतं, त्यामुळं त्याला रागावताही येईना.

मग माझ्या डोक्यात खूळ शिरलं. सूर्यमाला खऱ्या प्रमाणात मांडायची. खिचडी करणाऱ्या मावशींची परात मागितली, तिला हळद फासली आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीला टांगली. हा सूर्य. परत मिळेपर्यंत मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. सूर्य परातीएवढा धरला तर पृथ्वी ज्वारीच्या दाण्याएवढी होते, आणि तो दाणा परातीपासून साठ पावलांवर ठेवावा लागतो. मंगळ म्हणजे मोहरी. गुरू लिंबाएवढा. शनीला लहान लिंबू घेऊन पुठ्ठ्याचं कडं बसवलं. नेपच्यून शेंगदाण्याएवढा, आणि त्याची जागा अठराशे पावलांवर.

ज्वारीचा दाणा रानात ठेवला तर चिमणी पृथ्वी खाऊन टाकणार, हे मुलांनीच सांगितलं. म्हणून प्रत्येक ग्रह काचेच्या बाटलीत घालून खुंटीला बांधायचा ठरला. खुंट्यांना क्रीडास्पर्धेतला उरलेला लाल-पांढरा रंग दिला. नंबर टाकले. ओळ सरळ जावी म्हणून जमिनीवर फक्की मारली. गवंड्याकडून लांब टेप आणला. उन्हासाठी प्रभातफेरीच्या पिवळ्या टोप्या होत्याच. आम्ही भिंगं आणि प्लॅस्टिकच्या पाइपातून एक दुर्बीणही केली होती. खऱ्या सूर्याकडं ती कधीच रोखायची नाही, हे मी रोज एकदा दम देऊन सांगत असे. तिच्यासाठी गावातल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याची तिपाई मागून आणली. आमच्या मोहिमेत काय काय साहित्य होतं, ते वाचणाऱ्यानं जरा ध्यानात घ्यावं. मी घेतलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी निघालो. सातवीतली एक मुलगी पुढं. तिच्या पावलाचं माप सगळ्यांत एकसारखं पडतं, म्हणून मोजणी तिच्याकडं. पाचव्या खुंटीपर्यंत रस्ता होता, पुढं सातव्या खुंटीपर्यंत पाऊलवाट. आठवी खुंटी बरोबर एका हरभऱ्याच्या रानात आली, बांधाला लागून.

"बाई, हे आप्पांचं रान हाय," मुलगी म्हणाली.

"बांधावरच ठोकतोय ना," मी म्हणाले. "रानातलं एक पान मोडणार नाही."

ती अजून काही बोलणार होती, पण मला घाई होती. बांधाजवळ दगडी ओटा होता, धुऊन पुसून ठेवलेला. पंपाचा असेल असं मला वाटलं. त्याच्यापासून दोन हातांवर खुंटी ठोकली. मग तिपाई उभी केली आणि सगळ्यांनी दुर्बिणीतून शाळेकडं पाहिलं. नेपच्यूनवरून सूर्य केवढा दिसतो, हे बघायचं होतं. नुसत्या डोळ्यांना टिकलीएवढाही दिसत नव्हता. दुर्बिणीत पिवळी परात दिसली आणि शेजारी मावशी उलट्या, डोकं खाली पाय वर. आमच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. एक जण डोळा लावून खुंट्यांचे आकडे ओरडत होता, दुसरी वहीत लिहीत होती. मी कंबरेवर हात ठेवून उभी होते. स्वतःवर मी इतकी खूश क्वचितच असते.

शनिवारी सकाळी शाळेत आले तर हेडमास्तर दारातच.

"बाई, तुमचा आठ नंबरचा ग्रह कुठं ठोकलाय?"

"का? कुणी काढला का?"

"काढला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

गावानं आम्हाला लांबून पाहिलं होतं. पिवळ्या टोप्या, टेप, फक्की, तिपाईवरचं यंत्र, रंगवलेल्या खुंट्या. महामार्गाच्या मोजणीला याहून वेगळं काही लागत नाही. चहाच्या टपरीवर रात्रीत रस्ता तयार झाला होता. शेवटच्या खुंटीवर आठ लिहिलंय म्हणजे आठपदरी, हे एकानं ठरवलं. पहिली खुंटी शाळेजवळ आहे म्हणजे शाळा जाणार, हे दुसऱ्यानं. कुणीतरी तलाठ्यांना फोन केला. अशी कुठलीच मोजणी मला माहीत नाही, असं ते म्हणाले, आणि त्यामुळं राहिलेल्यांचीही खात्री पटली. सहा नंबरच्या खुंटीवर शनी आहे ही बातमी मात्र कुठून तरी बरोबर पोचली होती. शनिवार असल्यामुळं तिच्यावर तेलही पडलं होतं.

इथवर मी हसत होते. मग हेडमास्तर म्हणाले, "आप्पा काल संध्याकाळपासून त्या खुंटीपाशी बसलेत. अन्नाला शिवले नाहीत. तिथं त्यांच्या मंडळींची समाधी आहे."

आप्पा लिंगायत. त्यांच्यात मृताला पुरतात, आणि बहुतेक जण आपल्याच रानात जागा देतात. हे मला माहीत होतं. तो ओटा पाहूनही ते माझ्या डोक्यात आलं नाही. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा आप्पांचं अर्धं रान त्यात गेलं होतं. राहिलेल्या अर्ध्यात त्यांनी दोन वर्षांपूर्वी बायकोला ठेवलं होतं. आणि मी दोन हातांवर आठ नंबर टाकून, दुर्बीण रोखून आले होते.

मी त्या मोजणाऱ्या मुलीला बरोबर घेतलं आणि निघाले. वाटेत तिला विचारलं, "काल सांगितलं का नाहीस?"

"सांगत हुते की बाई. तुमी ऐकून घेतलं न्हाय."

आप्पा ओट्याला टेकून बसले होते. शेजारी घरून आलेला डबा तसाच, फडक्यात बांधलेला. खुंटीला त्यांनी हात लावला नव्हता. सरकारी खुंटी उपटली तर केस होते, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाई, तुमी शिकलेल्या हाव," ते मला म्हणाले. "हिला कुठं न्यायची, तेवढं सांगा. रस्ता अडवीत न्हाय म्या."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. तेवढ्यात मुलीनं बाटली सोडली आणि शेंगदाणा आप्पांच्या हातावर ठेवला.

"आप्पा, रस्ता न्हाय ह्यो. ग्रह हाय. आमचा धडा हाय."

तिनं सगळं सांगितलं. टाकीवरची परात, साठ पावलांवरचा दाणा, लिंबू, कडं. आप्पा आधी संशयानं ऐकत होते. मग शेंगदाणा उलटापालटा करून बघू लागले.

"आन माणूस कुठवर पोचलाय म्हणं?"

"चंद्रापतोर. ज्वारीच्या दाण्यापासनं अर्धी वीत."

"येवढं पेपरात येतंय, आन अर्धी वीत?"

"यंत्रं गेल्यात की लांब. ह्या शेंगदाण्याच्या बी पल्याड. तितनं निरोप धाडत्यात अजून."

आप्पांनी शेंगदाणा मुलीच्या हातात परत दिला. मग मला म्हणाले, "म्हंजी हिला कुणी हलवीत न्हाय."

"नाही आप्पा. कुणी नाही. माझी चूक झाली. आत्ता काढते खुंटी."

"ऱ्हाऊ द्या. मोजून ठोकलीया, लेकराची मेहनत हाय." आणि मुलीला म्हणाले, "आता पुन्यांदा सांग. परातीपासनं. पन कानडीत सांग, तिला मराठी कळत न्हवतं."

आमच्याकडं अर्ध्या घरांत कानडी बोलतात. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. वर्गात कुणी कानडी बोललं की मी डोळे मोठे करते. मी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

ती ओट्यासमोर मांडी घालून बसली आणि सुरू झाली. मला ग्रहांची नावं तेवढी कळली. बाकी तिचा हात शाळेकडं जायचा, रस्त्यावरून यायचा, कुठं थांबायचा, त्यावरून मी अंदाज करत होते. वर्गात दोन वाक्यांत उत्तर संपवणारी पोर अडखळली नाही की थांबली नाही. आप्पा मधूनच मान डोलवत होते, ओट्याकडं बघून. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

शेवटी तिनं शेंगदाणा बाटलीत घातला. आप्पा गुडघ्यावर हात ठेवून उठले, डबा उचलला आणि ओट्याकडं वळून हळू आवाजात कानडीत काहीतरी बोलले. मग घराच्या वाटेला लागले.

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"तुला कुनी नेत न्हाय, म्हनले," मुलगी म्हणाली. "जेवून येतो, म्हनले."