मागच्या गोष्टींचा धडा

त्या मास्तरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

घरचा हातमाग सोडून मी इतवारीत साड्यांचं दुकान टाकलं, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मद्रासकडच्या एका गिरणीला नागपुरात एजंट हवा होता आणि ती एजन्सी मला हवी होती. त्यांचा साहेब इंग्रजीशिवाय काही बोलत नसे. दुभाष्या नेला तर सौद्याची दोरी त्याच्या हाती जाते, म्हणून मी सीताबर्डीवरच्या इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागलो.

ऐन साहेबाच्या भेटीच्या आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'हॅड टू' आणि 'मस्ट हॅव'. करावं लागलं, केलं असावं. मी उठलोच.

"काहून जी मास्तर, होऊन गेलेल्या गोष्टी घेऊन मी काय करू? मले पुढचा सौदा करायचा आहे. हे ठेवा तुमच्यापाशी, बदल्यात दुसरं द्या."

"हे काय साडीचं दुकान आहे गा, पसंत नाही म्हणून बदलून द्यायले?"

"गिऱ्हाईक तर मीच आहो ना!"

वर्ग हसला. मी हटलो नाही. शेवटी वैतागून मास्तरांनी मला कोपऱ्यात बसवलं आणि 'आय विल', 'आय कॅन'ची वाक्यं घोकायला दिली.

साहेबाचा पहिलाच प्रश्न: आधीच्या गिरणीचा माल का सोडला? कारण साधं होतं. त्यांचा रंग जायचा, बायका साड्या आणून दुकानात आपटायच्या, सोडावाच लागला. मराठीत सगळं जिभेवर तयार होतं, इंग्रजीत काही सुचेना. मग मी बाजारात करतो तेच केलं. गप्प बसलो आणि समोरच्या नमुन्याचा पदर चिमटीत चोळत राहिलो. इतवारीत असं बसलं की समोरचा अस्वस्थ होऊन आपणच भाव उतरवतो. हा साहेब उतरला नाही. सोबत्याकडे वळून म्हणाला, "ही मस्ट हॅव चीटेड देम." याने त्यांना फसवलं असणार! फळ्यावरचे ते दोन शब्द मी तेवढे बरोबर ओळखले.

एजन्सी माझ्या समोरच्या दुकानदाराला मिळाली.

मी तडक क्लासवर गेलो. "तो धडा तुम्ही मले जबरदस्तीनं शिकवायले पाहिजे होता!"

"तू ऐकलं असतं का गा?"

ऐकलं असतं की नसतं, तो माझा प्रश्न. मास्तर ते होते. नवरीसाठी पांढरं लुगडं मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी तासभर भांडतो, पण नेऊ देत नाही. यांनी पाच मिनिटांत हात टेकले.